पाउंड, कोंडवाडा आणि बंदेलदोड्डी : जनावरं अडकवण्याच्या जागेचे तीन शब्द

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एक छोटा वाद झाला. विषय होता जुन्या हैदराबादेतली गुरं. बोलता बोलता कुणीतरी 'कॅटल पाउंड' हा शब्द वापरला आणि एका तरुण सभासदाने विचारलं, "पाउंड म्हणजे वजन ना? मग गुरांच्या आवाराला पाउंड कशाला म्हणायचं?" एकाने लगेच उत्तर दिलं की दंड पौंडात भरावा लागायचा म्हणून. दुसऱ्याने सांगितलं की ते 'कंपाउंड'चं लहान रूप आहे. तिसऱ्याने दोघांनाही "नक्को रे बाबा" म्हणून गप्प केलं, पण स्वतःचं उत्तर काही दिलं नाही. शेवटी, "तुम्हीच लिहून आणा," असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मी ते आनंदाने घेतलं. त्याचं कारण भाषेचं नाही, घरचं आहे. आमचं कुटुंब हैदराबादेत आलं ते एका कोंडवाड्यामुळे. ती हकीकत पुढे सांगतो. आधी शब्दाचा निकाल लावू.

एक पाउंड नव्हे, तीन

इंग्रजीत 'पाउंड' असा उच्चार आणि तेच स्पेलिंग असलेले तीन वेगवेगळे शब्द आहेत. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

पहिला वजनाचा आणि पैशाचा पाउंड, आपण मराठीत ज्याला पौंड म्हणतो तो. हा लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'लिब्रा पोंडो' म्हणजे वजनाने एक लिब्रा. त्यातला 'पोंडो' इंग्रजीने उचलला आणि 'लिब्रा'ची आठवण म्हणून पौंडाच्या खुणेत एल हे अक्षर राहिलं. दुसरा पाउंड म्हणजे कुटणं, ठेचणं. तो जुन्या इंग्रजीतल्या 'पुनिअन' या क्रियापदापासून आला. तिसरा आपला, गुरं अडकवण्याचा. जुन्या इंग्रजीत 'पुंड' हे रूप जोडशब्दांत सापडतं. उदाहरणार्थ 'पुंडफाल्ड', म्हणजे कुंपण घातलेली, जनावरं ठेवायची जागा. याचंच पुढे 'पिनफोल्ड' असंही रूप झालं आणि इंग्लंडच्या उत्तर भागात तेच जास्त रुळलं. या आवाराची राखण करणाऱ्याला 'पिंडर' म्हणत. आज इंग्रजांमध्ये पिंडर हे आडनाव आढळतं, ते या कामावरून पडलेलं.

आपल्या मराठीतल्या 'पुंड' शब्दाशी याचं नातं नाही, हे सांगून ठेवतो. मोकाट बैल पुंडगिरी करतो म्हणून त्याला पुंडात घालतात, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण खोटी आहे.

आणखी एक गंमत. इंग्रजीत तळ्याला 'पाँड' म्हणतात, तो शब्द म्हणजे या तिसऱ्या पाउंडाचंच दुसरं रूप. बांध घालून अडवलेलं पाणी तो पाँड, कुंपण घालून अडवलेली गुरं तो पाउंड. हैदराबादकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपला हुसेनसागर हा निसर्गाने दिलेला तलाव नव्हे. सोळाव्या शतकात बांध घालून कोंडलेलं पाणी आहे ते. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिलं तर हुसेनसागर हा पाण्याचा कोंडवाडा.

मग कंपाउंड?

आता 'कंपाउंड'कडे वळू, कारण बैठकीतल्या निम्म्या लोकांचा कौल त्याला होता. आपण सगळे रोज हा शब्द वापरतो. "कंपाउंडमध्ये गाडी लावा," "कंपाउंड पडलं, बांधून घ्यायला हवं." दुसऱ्या वाक्यात तर कंपाउंड म्हणजे आवार नसून नुसती भिंत.

घराभोवतालचं आवार या अर्थाचा कंपाउंड इंग्लंडमध्ये जन्मलेलाच नाही. तो पूर्वेकडून आला. मलय भाषेत 'कांपुंग' म्हणजे वस्ती, वाडी, कुंपणातली घरं. व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या युरोपीय लोकांच्या तोंडी तो बसला, त्याचं इंग्रजी वळणाचं 'कंपाउंड' झालं आणि तो हिंदुस्थानातल्या बंगल्यांभोवती येऊन राहिला. क्वालालंपूरला गेलेल्यांनी 'कांपुंग' अशी पाटी पाहिली असेल. ती पाटी आणि आपल्या सोसायटीचं कंपाउंड हे सख्खे भाऊ. औषधं मिसळणारा कंपाउंडर मात्र या घरातला नाही, तो लॅटिनमधल्या 'एकत्र ठेवणे' या अर्थाच्या क्रियापदाकडून आला.

तेव्हा वादाचा निकाल असा. दंडाच्या पौंडाचा संबंध नाही, कंपाउंडाचाही नाही. शेरा मारून गप्प बसणारा तिसरा सभासद जिंकला.

इंग्लंडातला पाउंड कशासाठी होता?

शब्दाचं मूळ कळलं तरी त्याचा अर्थ कळला असं होत नाही. जुन्या इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक गावाला पाउंड असे. दगडी भिंतीचं छोटं आवार, एक दार, दाराला कुलूप. तिथे दोन प्रकारची जनावरं येत.

पहिली, दुसऱ्याच्या शेतात शिरून नुकसान करणारी. ज्याचं नुकसान झालं त्याने ती पकडायची आणि भरपाई मिळेपर्यंत पाउंडात ठेवायची. दुसरी, ज्यांच्या मालकाने जमीनदाराचा खंड थकवला आहे अशी. जमीनदार थकबाकीपोटी कुळाची गुरं ओढून नेई. म्हणजे पाउंड ही एका बाजूने पिकाची राखण होती आणि दुसऱ्या बाजूने वसुलीचं हत्यार. ओढून नेलेली गुरं कुळाला सापडूच नयेत म्हणून जमीनदार ती दूर हाकत, तेव्हा १२६७ सालच्या मार्लबरोच्या कायद्याने अशी गुरं परगण्याबाहेर नेण्याला बंदी केली.

या कायद्यात एक बारकावा होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. उघडा पाउंड आणि झाकलेला पाउंड असे दोन प्रकार मानले जात. उघड्या पाउंडात मालक येऊन आपल्या जनावराला चारा-पाणी घालू शकतो, म्हणून ती जबाबदारी त्याची. झाकलेल्या पाउंडात, म्हणजे कुणाच्या तबेल्यात किंवा घरात जनावर ठेवलं तर मालकाला तिथे जाता येत नाही, म्हणून ते जगवायची जबाबदारी पकडणाऱ्याची. भांडण माणसांचं असलं तरी मुकं जनावर उपाशी मरू नये, एवढी शुद्ध त्या नियमात होती. पाउंड फोडून जनावर सोडवून नेणं हा मात्र गुन्हा.

आज इंग्रजीत 'इम्पाउंड' म्हणजे जप्त करून ठेवणं. आपल्याकडेही गाडी पोलिसांनी उचलून नेली की "गाडी इम्पाउंड झाली" असं लोक सर्रास म्हणतात. गुरांची जागा मोटारसायकलींनी घेतली, दंड भरून सोडवण्याची रीत तीच राहिली.

१८७१ चा कायदा

कंपनी सरकारने हीच कल्पना हिंदुस्थानात आणली. १८५७ साली गुरांच्या आगळिकीबद्दल एक कायदा झाला. तो मोडीत काढून १८७१ साली नवा केला. त्या वर्षीचा तो पहिलाच कायदा. 'कॅटल ट्रेसपास ॲक्ट, १८७१' या नावाने तो वकिलांना ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात ब्रिटिश कायदे आपोआप लागू होत नसत, पण कोंडवाडा ही व्यवस्था दोन्हीकडच्या लोकांना चांगलीच परिचयाची होती. म्हणून हा कायदा थोडा उलगडून पाहू.

या कायद्यात 'गुरं' या शब्दात गाय-बैल-म्हशी तर आहेतच, शिवाय हत्ती, उंट, घोडे, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या आणि शेळ्याही आहेत. शेतात शिरून नुकसान करणारं जनावर शेतकऱ्याने पकडावं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावं, असं दहावं कलम सांगतं. मूळ दंडाचे दर वाचण्यासारखे आहेत. हत्तीला दोन रुपये. उंट किंवा म्हशीला आठ आणे. घोडा, बैल, गाय यांना चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांना दोन आणे. शेळी-मेंढीला एक आणा. आमच्या एका सभासदांचं घर बेगमबाजाराजवळच्या फीलखान्यात आहे, म्हणजे हत्तीखान्यात. त्यांना मी म्हटलं, तुमच्या मोहल्ल्यातला एक रहिवासी सुटला असता तर दोन रुपये पडले असते!

दंडाशिवाय चारा-पाण्याचा खर्च वेगळा. त्याचे दर ठरवून कोंडवाड्याजवळ सर्वांना दिसेल असे टांगावेत, असं कायदा म्हणतो. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याच्या अंमलदाराने जनावराचं वर्णन देऊन नोटीस लावायची आणि जिथे ते पकडलं तिथल्या जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटायची. त्यानंतर आणखी सात दिवस. तरीही कोणी आलं नाही तर जाहीर लिलाव. कोंडवाड्याच्या रखवालदाराने किंवा पोलीस अंमलदाराने लिलावात जनावर विकत घेऊ नये, अशीही तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता, हे यातून दिसतं. उलट, जबरदस्तीने जनावर सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. बेकायदा पकडलं असेल तर मालकाला भरपाई, तीही शंभर रुपयांपर्यंतच.

कागदावर हा कायदा वाईट नाही. शेतकऱ्याचं उभं पीक एका रात्रीत फस्त झालं तर त्याने काय करायचं, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. अडचण येते ती दिवसांच्या मोजणीत. सात अधिक सात, चौदा दिवस. ज्याच्या हातात रोकड आहे, त्याला चौदा दिवस पुष्कळ झाले. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्या डोक्यावर रोज चाऱ्याचा खर्च चढत जातो.

कोंडवाडा

आता आपला शब्द. 'कोंडणे' आणि 'वाडा'. फोड करून सांगायची गरजही नाही इतका सरळ. पण 'वाडा' या शब्दाशी थोडं थांबू. वाडा म्हटलं की आपल्याला चौकाचं, नक्षीदार खांबांचं घर आठवतं. शब्द मुळात संस्कृत 'वाट' वरून आला. तिथे त्याचा अर्थ कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. वाडी त्यातलीच. कोकणात आजही गुरांच्या गोठ्याला वाडा म्हणतात. धनगरांच्या मेंढ्यांच्या तळालाही वाडाच म्हणतात. सरदारांचे वाडे नंतरचे, गुरांचे आधीचे.

मेंढ्यांचा वाडा आणि कोंडवाडा यांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. मेंढपाळ रानात आला की शेतकरी त्याला बोलावून, वर धान्य देऊन, आपल्या शेतात मेंढ्या बसवायला सांगतो. रात्रभर जाळीच्या आत मेंढ्या बसल्या की लेंड्यांचं खत आयतं मिळतं. जनावर कुंपणात असणं ही दोघांच्याही फायद्याची गोष्ट. कोंडवाड्यात एकाच्या फायद्याची असते, किंवा कुणाच्याच नाही.

'गोठा' हा शब्दही बघा. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. तिथे गुराखी जमणार, बसणार, बोलणार, म्हणून 'गोष्ठी' म्हणजे मंडळी, बैठक, संभाषण. त्यावरून आपली 'गोष्ट'. गोठा आणि गोष्ट एकाच घरच्या. आपलं मंडळ दर महिन्याला जे करतं ते अर्थाने गोठ्यातलंच काम आहे, असं म्हटलं तर कोणी रागावू नये.

बंदेलदोड्डी, कांजी हौस, पागा

हैदराबादेत एकाच वस्तूला तीन-चार भाषांतून हाक मारायची सवय असते. तेलुगूत कोंडवाड्याला 'बंदेलदोड्डी' म्हणतात, म्हणजे अडकवलेल्या जनावरांची दोड्डी. 'दोड्डी' म्हणजे गुरांचं आवार, आणि घरामागचं परसही. 'दोड्डीदारी' म्हणजे मागचा दरवाजा, आडवाट. वशिल्याने नोकरी मिळवली तर तेलुगूत ती दोड्डीदारीने मिळवली असं म्हणतात. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात जमीनदाराच्या माणसांच्या गोळीने मारला गेलेला आणि तेलंगण सशस्त्र लढ्याचा पहिला हुतात्मा मानला जाणारा दोड्डी कोमरय्या मेंढपाळ कुरुमा समाजातला. त्याच्या आडनावात हाच शब्द आहे.

उत्तरेकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या शेजाऱ्यांकडून मी लहानपणी 'कांजी हौस' ऐकलं. कांजीशी, म्हणजे पेजेशी त्याचा संबंध असेल असं मला तेव्हा वाटे. जनावरांना पेज पाजत असतील! सर्वसाधारणपणे सांगितलं जातं ते असं की हे इंग्रजी 'काइन हाउस'चं बोली रूप. 'काइन' हे 'काउ'चं जुनं अनेकवचन. प्रेमचंदांची दोन बैलांची कथा ज्यांनी शाळेत वाचली आहे, त्यांना हिरा आणि मोती याच कांजी हौसात अडकतात हे आठवत असेल.

आणि एक शब्द असा, ज्याने हैदराबादचा इतिहास घडवला. मराठीत घोड्यांच्या तबेल्याला आणि घोडदळाच्या पथकालाही 'पागा' म्हणतात. तो फारसी 'पायगाह'वरून आला. पाय ठेवण्याची जागा, त्यावरून दर्जा, मान, आणि तबेलाही. निजामाच्या खास घोडदळाची जबाबदारी ज्या घराण्याकडे होती, ते घराणंच 'पायगाह' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. फलकनुमा राजवाडा बांधणारे विकार-उल-उमरा त्यातलेच. संतोषनगरकडे पायगाह मकबऱ्यांतली चुन्याची नाजूक जाळी बघायला आपण मंडळातर्फे गेलो होतो, तेव्हा किती जणांच्या लक्षात आलं की हे नाव आणि पेशव्यांच्या हुजुरातीची पागा एकच? एका शब्दाचा तबेला झाला, दुसरीकडे त्याचाच राजवाडा.

आमची गोष्ट

आता घरचं. आमचं मूळ गाव मराठवाड्यात. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते, त्यांतल्या एका जिल्ह्यातलं. माझ्या पणजोबांची जेमतेम एक औताची जमीन. म्हणजे बैलांची एक जोडी, आणि त्या जोडीवर सगळं घर.

ते वारकरी. कार्तिकीला पायी पंढरपूरला गेले. जाऊन येऊन महिना सहज मोडायचा. मागे घरी पणजी आणि तीन लहान मुलं, त्यांतली धाकटी माझी आजी. रब्बीची ज्वारी वीतभर वर आली होती. एका रात्री दावं तुटलं की सुटलं कोण जाणे, बैल शेजारच्या मोठ्या शेतात शिरले. सकाळी ते तिथे नव्हते. कोंडवाड्यात होते.

आजी सांगायची ते असं. "माय रोज डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन जायची. कुंपणातून आत ढकलायची. बैल तिला बघून हंबरायचे. पैसे कुठून आणणार? दंड थोडाच होता गं, पण रोज चाऱ्याचे लावायचे. ती स्वतः कडबा घालत होती, तरी लावायचे."

हे शेवटचं वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ मला या लेखासाठी वाचन करताना कळला. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात हाच प्रश्न होता. मालकाला आत येऊन चारा घालता येतो का? येत असेल तर खर्च त्याचा, पकडणाऱ्याला त्याचे पैसे मागता येत नाहीत. माझी पणजी कायदा शिकली नव्हती, पण तिची तक्रार शेकडो वर्षं जुन्या नियमाला धरून होती. कडबाही तिचा आणि चाऱ्याचे पैसेही तिनेच द्यायचे, हे तिला पटत नव्हतं. बरोबरच होतं ते.

दवंडी पिटली गेली. लिलाव झाला. पणजोबा तुळशीची माळ आणि बुक्क्याची पुडी घेऊन परत आले तेव्हा दावणीला बैल नव्हते. आजी म्हणायची, ते रागावले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. रिकाम्या दावणीशी बसून राहिले. त्या वर्षी जमीन दुसऱ्याला बटईने दिली, आणि पुढच्या वर्षी ते रेल्वेने हैदराबादला आले. मनमाडकडून येणारी मीटरगेज गाडी तेव्हा मराठवाड्याला या शहराशी जोडत होती, आणि काचीगुडा स्टेशन नवंच होतं. उतरल्यावर काम मिळालं ते गौलीगुड्यात, एका गवळ्याच्या म्हशी सांभाळायचं. स्वतःचे दोन बैल गेले आणि दुसऱ्याच्या वीस म्हशी आल्या.

घरात त्या घटनेचा एक नियम उरला. आम्हा पोरांनी दंगा केला की आई म्हणायची, "खोलीत कोंडून ठेवीन हं." कोपऱ्यात जप करत बसलेली आजी ताडकन उठायची. "मार त्याला हवं तर. कोंडायचं नाही." लहानपणी आम्हाला वाटे, आजी आमची बाजू घेते आहे. ती कुणाची बाजू घेत होती, हे आता लक्षात येतं.

शब्द पुढे जातो

१९७४ साली दया पवारांचा पहिला कवितासंग्रह आला, त्याचं नाव 'कोंडवाडा'. गुरांसाठीचा सरकारी शब्द त्यांनी माणसांच्या जगण्याला लावला आणि मराठी वाचकाला अर्थ विचारावा लागला नाही. गावाबाहेरच्या वस्तीत ज्यांना पिढ्यानपिढ्या अडवून ठेवलं, त्यांच्या अनुभवाला तो नेमका बसला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतिराव फुल्यांनी जंगलखात्याने गायरानं ताब्यात घेतल्याबद्दल कडक शब्दांत लिहिलं होतं. दोन गोष्टी जोडून पाहाव्या लागतात. चरायची मोकळी रानं कमी होत गेली, तसं जनावराने कुणाच्या तरी शेतात शिरणं वाढत जाणार हे उघड आहे. कुंपण दोन्हीकडून येतं.

आज गावोगावचे कोंडवाडे बहुतेक पडले आहेत. शब्द मात्र शहरात जोरात आहे. 'वाहतूक कोंडी' रोज वर्तमानपत्रात असते. दिवाळीनंतर नारायणगुड्यात यादव मंडळी सदर साजरी करतात, तेव्हा हारतुरे घातलेले, तेल लावून चकचकीत केलेले रेडे रस्त्यावरून मिरवतात आणि मोटारी खोळंबतात. दरवर्षी मी ते बघायला जातो. जनावर मोकळं आणि माणसं कोंडीत, असा दिवस वर्षातून एकदा तरी असावा.

एक विनंती

इंग्लंडमध्ये अनेक गावांनी आपले जुने दगडी पाउंड जपून ठेवले आहेत. त्यांत एकही गुरू नसतं. कुठे बाक टाकलेलं असतं, कुठे फुलं लावलेली असतात, आणि ही जागा कशाची होती ते सांगणारी पाटी असते. आपण किल्ले जपतो, मकबरे जपतो, वाडे जपतो. कोंडवाड्याला वारसा म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण गावातल्या गरीब माणसाची आणि सरकारची गाठ जिथे पडायची, अशा मोजक्या जागांपैकी ती एक होती.

तेव्हा वाचकांना विनंती. मराठवाड्यातल्या, तेलंगणातल्या आपापल्या गावी पुढच्या वेळी जाल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "कोंडवाडा कुठे होता?" तेलुगू गावात असाल तर बंदेलदोड्डी विचारा. एखादी पडकी भिंत दाखवतील, किंवा आता तिथे पाण्याची टाकी आहे असं सांगतील. जागा लिहून घ्या, एक फोटो काढा, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणाचं काय अडकलं होतं ते ऐकून घ्या. मंडळाकडे पाठवलंत तर आपण त्यांचा एक नकाशा करू.

आमच्या गावचा कोंडवाडा मी मागच्या उन्हाळ्यात शोधला. बाभळी माजल्या आहेत, दोन हात उंचीची भिंत उरली आहे आणि दाराच्या जागी नुसती फट. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. पलीकडच्या शेतातून एक गाय आली, फटीतून आत शिरली, गवत खाल्लं, आणि मनाला येईल तेव्हा बाहेर पडली.